'स्वभावच तसा आहे' म्हणून सोडून द्यायचं कधी आणि कधी नाही?

अबोली

मुलांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे दोन प्रकारचे आईबाप सतत भेटतात. काही जण काळजीने विचारतात, "मुलगी कुणात मिसळत नाही, वर्गात तोंड उघडत नाही, तिला काही झालं तर नसेल?" काही जणांना दुसऱ्या कुणीतरी पाठवलेलं असतं आणि ते येतानाच सांगतात, "तो लहानपणापासून असाच आहे. स्वभाव आहे त्याचा." पहिल्यांपैकी बऱ्याच मुलांना काहीही झालेलं नसतं. दुसऱ्यांपैकी काही मुलं मात्र कित्येक वर्षं त्रास काढत असतात आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. त्रासाला एकदा स्वभाव म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मला जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्या मुलांची, आणि म्हणून हा धागा.

दोन मुलं वाढवलेल्या कुणालाही स्वभाव म्हणजे काय ते समजावून द्यावं लागत नाही. एक बाळ कुणाच्याही कडेवर जातं, दुसरं अनोळखी चेहरा दिसताच टाहो फोडतं. एकाला ठरल्या वेळी भूक लागते, दुसऱ्याचा काही नेम नसतो. घर तेच, आईबाप तेच. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्रात हवा अशी होती, की मुलाचं काहीही बिघडलं की दोष आईचा. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याला ते पटेना. त्यांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाळांचा अभ्यास सुरू केला आणि १३३ मुलांचा माग ती मोठी होईपर्यंत ठेवला. हालचाल किती, झोप-भूक नियमित आहे का, नव्या गोष्टीकडे झेपावतं की मागे सरतं, बदल किती लवकर अंगवळणी पडतो, रडणं-हसणं किती जोरात, लक्ष किती टिकतं, अशा नऊ बाजूंनी त्यांनी प्रत्येक बाळाकडे पाहिलं. सुमारे ४० टक्के बाळं सांभाळायला सोपी निघाली, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के कुठेच नीट बसली नाहीत. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण गटांची नावं वाचली की लोक लगेच आपलं मूल एका गटात बसवून मोकळे होतात.

पुढचं महत्त्वाचं काम हार्वर्डच्या जेरोम केगन यांचं. त्यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, नाकाशी वेगळा वास नेला. साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडून रडू लागली. साधारण ४० टक्के शांतपणे बघत राहिली. पहिल्या गटातली बरीच मुलं दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसापुढे, नव्या खेळण्यापुढे थिजायची, आईला बिलगायची. दोन वर्षांची असताना अशी बुजरी असलेली मुलं तेराव्या वर्षी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांच्यातल्या ६१ टक्क्यांना लोकांत वावरताना त्रास होईल इतकी चिंता होती. लहानपणी न बुजणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २७ टक्के होतं.

तिसरा अभ्यास न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. तीन वर्षांच्या मुलाला परीक्षकाने दीड तास पाहायचं आणि ते कसं वागलं ते नोंदवायचं, एवढंच. त्या नोंदी पुढे मुलं २१ वर्षांची झाल्यावर अवशालोम कास्पी आणि टेरी मॉफिट यांनी निदानांशी ताडून पाहिल्या. तीन वर्षांची असताना चटकन भडकणारी, एका जागी न ठरणारी मुलं मोठेपणी कायद्याशी आणि लोकांशी झगडा होण्याच्या वाटेवर जास्त सापडली. बुजऱ्या मुलांमध्ये नैराश्य जास्त होतं. आत्महत्येचे प्रयत्न दोन्ही गटांत इतरांपेक्षा जास्त होते. हे वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं, कारण पहिल्या गटाला आपण रागावतो आणि दुसऱ्याला शहाणं म्हणतो, आणि दोघांनाही मदत मिळत नाही.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

वाटसरू

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली. चार महिन्यांच्या बाळाला बघून तेराव्या वर्षीचं सांगायचं म्हणजे पत्रिका मांडण्यासारखं झालं. माझ्या ओळखीत लहानपणी घुमी असलेली माणसं आज शेकडो लोकांपुढे बोलतात. असे आकडे वाचून आईबाप तान्ह्या बाळाकडे रोग शोधत बसतील, त्याचं काय?

अबोली

वाटसरू, शंका रास्त आहे. आकडे गटाचे असतात आणि मूल एकटं असतं. त्याच ६१ टक्क्यांच्या बाजूला ३९ टक्के मुलं उभी आहेत, तीही दोन वर्षांची असताना तेवढीच बुजरी होती. २०१२ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बुजऱ्या मुलांना पुढे सामाजिक चिंतेचा विकार होण्याची शक्यता इतरांच्या सातपटीहून अधिक निघाली. मानसशास्त्रात इतका ठळक धोका फार कमी ठिकाणी दिसतो. तरीही त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना तो विकार झाला नाही.

केगन स्वतः याबाबत फार सावध होते. त्यांचं म्हणणं असं, की स्वभाव काय होईल यापेक्षा काय होण्याची शक्यता कमी आहे हे जास्त खात्रीने सांगतो. हातपाय झाडणारं बाळ पुढे एकदम बिनधास्त, कुठेही उडी घेणारं मूल होण्याची शक्यता थोडी. पण ते चिंतेच्या आजाराने खंगेलच असं नाही. ते शांत, विचारी, थोडं जपून वागणारं माणूस होऊ शकतं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

रेवती_आ

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. पहिल्या दिवसापासून सगळंच जोरात. कपड्याचं लेबल टोचलं म्हणून अर्धा तास रडणार. बेत बदलला की जमिनीवर लोळण. आनंदही तितकाच मोठा, मिठी मारली तर हाडं मोडतील. सासूबाई म्हणतात लाडाने बिघडवलाय. माझी आई म्हणते तूच त्याच्यावर ओरडतेस म्हणून तो असा झालाय. दोन्ही घरांत दोषी मीच. त्याच्या धाकट्या बहिणीला मीच वाढवलंय, ती अगदी शांत आहे, पण हे कुणाला दिसत नाही. अबोलीताई, त्याचं पुढे काय होणार, हा विचार रात्री झोपू देत नाही.

मेघना_शाळा

रेवती, मी शाळेत समुपदेशक आहे. तुमच्या मुलासारखी मुलं पहिल्या आठवड्यातच माझ्या खोलीत येतात, कारण ती दिसतात, वर्ग थांबवतात. म्हणून त्यांना निदान कुणीतरी विचारतं.

माझी झोप उडवतात ती दुसरी. न बोलणारी, सगळं वेळेवर करणारी, वही नीटनेटकी ठेवणारी, "किती समजूतदार" असं कौतुक होणारी मुलं. शिक्षकांकडून यांची नावं कधी येतच नाहीत. मेरीलँड विद्यापीठात नेथन फॉक्स यांच्या गटाने बुजऱ्या मुलांचा अभ्यास केला आहे, त्यातली एक गोष्ट मला शाळेत पावलोपावली दिसते. स्वतःवर ताबा असणं आपण सरसकट चांगलं मानतो. ड्युनेडिनच्या अभ्यासातही लहानपणी ताबा असलेल्या मुलांचं पुढे एकंदर बरं झालेलं दिसतं. पण बुजऱ्या मुलांमध्ये दोन वेगळ्या क्षमता वेगळं काम करतात. लक्ष एका गोष्टीवरून काढून दुसरीकडे वळवता येत असेल तर चिंता कमी होते. स्वतःला थोपवून धरण्याची ताकद मोठी असेल तर मात्र उलट, चिंता वाढते. म्हणजे घाबरणारं मूल आधीच स्वतःला आवळून बसलेलं असतं आणि आपण त्याला बक्षीस देतो ते आणखी आवळण्याचं. "शांत बस" हे त्या मुलाला सांगायची गरजच नसते.

अशी मुलगी नववीत पोटदुखीच्या तक्रारी घेऊन येते. सगळ्या तपासण्या झालेल्या असतात, काही सापडलेलं नसतं. दोन-तीन भेटींनंतर कळतं की हजेरीला "हजर" म्हणायची वेळ आली की पोटात गोळा येतो आणि हे पहिलीपासून चालू आहे.

सुहास_म

+१. दुसऱ्या परिच्छेदाला विशेष अनुमोदन.

नचिकेत

मेघनाताईंनी लिहिलेली मुलगी म्हणजे मीच होतो असं समजा, फक्त मुलगा. माझ्यात फार गुण आहेत असं घरचे समजायचे. उलट बोलत नाही, बाहेर भटकत नाही, मित्रांचा घोळका नाही. मलाही वाटायचं हाच मी. कॉलेजात तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या व्हायच्या, तेव्हाही वाटायचं की माझा स्वभाव कमकुवत आहे. नोकरीत बढतीची संधी आली की मी काहीतरी कारण काढून नाकारायचो, कारण बढती म्हणजे बैठकीत बोलणं. लग्नसमारंभ, वाढदिवस, फोन उचलणं, सगळ्यातून सुटायच्या वाटा मला पाठ होत्या. पुढे नैराश्य आलं आणि त्याच्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "ही भीती कधीपासून आहे?" मी म्हणालो, "भीती नाही, स्वभाव आहे." त्या म्हणाल्या, "स्वभावाने उलट्या होत नाहीत."

सामाजिक चिंतेचा विकार असं निदान झालं. औषध घेतलं, त्याच्या जोडीला बोधात्मक वर्तनोपचार. ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करत जायचं, टाळायचं नाही. सोपं नव्हतं. आजही मी गप्पच असतो. गर्दीपेक्षा दोन माणसं बरी वाटतात. पण आता फोन वाजला की छातीत धडधडत नाही. गप्प राहणं आवडतं म्हणून गप्प असतो, बोलायची भीती वाटते म्हणून नाही. हा फरक तिशी उलटल्यावर कळला. आठवीत कळला असता तर आयुष्य वेगळं झालं असतं, याचं दुःख होतं.

धागा वाचणाऱ्या आईबापांना एकच विचारायचं आहे. तुमचं शांत मूल शांत आहे की घाबरलेलं आहे, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का?

वाटसरू

नचिकेत, मनापासून लिहिल्याबद्दल आभार. मी वर जे लिहिलं त्याची दुसरी बाजू आता दिसते आहे.

अबोली

नचिकेत, तुमचा प्रतिसाद मी परवानगी असेल तर पालकांच्या गटात वाचून दाखवेन.

रेवती, आता तुमच्याकडे. थॉमस आणि चेस यांच्या अभ्यासातला एक मुलगा, त्याला त्यांनी कार्ल असं टोपणनाव दिलं होतं, अगदी तुमच्या मुलासारखा होता. पहिली पाच वर्षं त्यांच्या सगळ्यात अवघड मुलांपैकी एक. नवीन काहीही आलं की कडाडून विरोध. पण त्याच्या वडिलांना तो जोर आवडायचा. त्यांच्या लक्षात आलं होतं की नव्या गोष्टीला हा मुलगा आधी नाही म्हणतो, आणि वेळ दिला की रुळतो. ते थांबायचे. चिडायचे नाहीत, आणि मागेही घ्यायचे नाहीत. कार्लला बालपणात वागणुकीचा कुठलाही विकार झाला नाही. गंमत पुढे आहे. कॉलेजात गेल्यावर सगळंच एकदम नवीन झालं, नवी जागा, नवे लोक, नवा अभ्यास, आणि तो कोसळला. तो स्वतः चेस यांच्याकडे आला. त्यांनी त्याला त्याच्या लहानपणाबद्दल सांगितलं, एका वेळी थोडंच नवं घ्यायचं असं ठरवलं, आणि वर्ष संपेपर्यंत तो सावरला.

यावरून त्यांनी मांडलेला विचार मला आजवर सगळ्यात उपयोगी वाटत आला आहे. स्वभाव एकट्याने आजार घडवत नाही. मुलाचा स्वभाव आणि त्याच्याकडून होणाऱ्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरंच ठरतं. त्याच दोघांनी न्यूयॉर्कमधल्या कष्टकरी प्वेर्तो रिकन कुटुंबांतली मुलंही पाहिली. तिथे झोपेच्या वेळा अनियमित असलेल्या लहान मुलांबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण मूल झोपेल तेव्हा झोपू द्यायची पद्धत होती. शाळा सुरू झाली आणि तीच मुलं अडचणीत आली. मूल बदललं नव्हतं, मागणी बदलली होती.

आणखी एक उदाहरण. १९७० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत दुष्काळ असताना मार्टेन डी व्हरीस यांनी मसाई बाळांचे स्वभाव नोंदवले होते. पुन्हा गेले तेव्हा शांत, सोप्या बाळांपेक्षा रडकी, अवघड बाळं जास्त जगलेली आढळली. बाळं अगदी मोजकी होती, त्यामुळे फार ताणू नये. पण जे रडतं त्याला दूध मिळतं, आणि एका जागी जो स्वभाव त्रासदायक ठरतो तोच दुसरीकडे जीव वाचवतो, एवढं त्यातून सुचतं.

दोन्ही घरांत दोषी तुम्हीच ठरता, असं लिहिलंत; खरा दोष कुणाचा? कुणाचाच नाही. पण तुमच्या वागण्याला वजन नाही असंही नाही. नेदरलँड्समध्ये डिम्फना व्हान डेन बूम यांनी जन्मतःच चिडचिड्या असलेल्या १०० बाळांच्या आयांबरोबर काम केलं. निम्म्या आयांना बाळ सहा ते नऊ महिन्यांचं असताना घरी जाऊन शिकवलं, ते काय सांगतंय हे कसं ओळखायचं आणि त्याला कसं उत्तर द्यायचं. वर्षाच्या शेवटी त्या गटातली कितीतरी जास्त बाळं आईशी निश्चिंतपणे जोडलेली होती. चिडचिडं मूल आईबापांना दमवतं, दमलेले आईबाप खेकसतात किंवा हार मानतात, आणि दोन्हींनी मूल आणखी चिडतं. हे चक्र मोठ्यांच्या बाजूने मोडता येतं. मुलाने आधी मोडावं ही अपेक्षा सहा वर्षांच्या जिवाकडून करता येत नाही.

रेवती_आ

"चिडायचे नाहीत, आणि मागेही घ्यायचे नाहीत." हे वाक्य लिहून ठेवलंय. धन्यवाद ताई.

प्रभंजन

मी थोडं उलट मत मांडतो. आम्ही पाच भावंडं, कुणाचा स्वभाव कुणी बघितला नाही. घाबरलं की वडील पुढे ढकलायचे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. आता प्रत्येक मुलाच्या नाजूकपणाची वही ठेवायची म्हणजे मुलं आणखी नाजूक होतील.

मेघना_शाळा

प्रभंजनदादा, तुमच्या म्हणण्यातलं एक अंग बरोबर आहे. घाबरणाऱ्या मुलाला सगळ्यातून वाचवत राहिलं तर भीती घट्ट होते. मुलाच्या वतीने आपणच बोलायचं, वाढदिवसाला जायचं नाही म्हणाला की लगेच "बरं, राहू दे", हे प्रेमापोटी होतं आणि नुकसान करतं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी पालकांसाठी उपचारपद्धती केली आहे, ती नेमकी याच्यावर आहे. मुलाला खोलीत बोलवतच नाहीत, फक्त आईबापांबरोबर काम करतात, की मुलाच्या भीतीला सामील होणं हळूहळू कसं थांबवायचं. २०२० च्या चाचणीत ती मुलाबरोबर केलेल्या बोधात्मक वर्तनोपचाराइतकीच परिणामकारक ठरली.

पण ढकलण्यात एक धोका आहे. पाचांपैकी तीन पोहायला शिकतात, त्यांची गोष्ट आपण सांगतो. जो बुडता बुडता वाचला आणि पुन्हा काठावर गेला नाही, तो धाग्यावर लिहायला येत नाही. वर नचिकेत आले, हे आपलं भाग्य.

अबोली

इथे ऑस्ट्रेलियातल्या रॉन रेपी यांचं काम सांगायलाच हवं, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म त्यात आहे. शाळेत जाण्याआधीच्या वयाची १४६ बुजरी मुलं त्यांनी घेतली. अर्ध्या मुलांच्या पालकांना सहा बैठकांचा छोटा कार्यक्रम दिला. अतिसंरक्षण म्हणजे काय, मुलाला पायरीपायरीने नव्या गोष्टीपाशी कसं न्यायचं, स्वतःच्या चिंतेचं काय करायचं. २००५ मध्ये निकाल आले. वर्षभरानंतर त्या मुलांमध्ये चिंतेचे विकार कमी होते. तीन वर्षांनंतरही कमी होते. पण बुजरेपणाच्या मोजमापात वर्षभरात म्हणावा असा फरक पडलेला नव्हता.

पुन्हा वाचा. स्वभाव होता तिथेच होता, आजार मात्र कमी झाला. म्हणजे "याला धीट करा" हे लक्ष्यच नको. नचिकेत यांनी स्वतःबद्दल जे लिहिलंय तेच हे.

डॉ_यात्री

मानसोपचारात काम करतो. मोठ्या माणसांच्या बाजूने थोडी भर घालतो. मोठेपणी आपण ज्याला व्यक्तिमत्त्व म्हणतो त्यातली एक पट्टी अशी आहे: काळजी, उदासी, चिडचिड किती चटकन येते आणि किती वेळ टिकते. २०१० मध्ये रोमन कोटोव्ह आणि सहकाऱ्यांनी १७५ अभ्यास एकत्र केले. चिंता, नैराश्य, व्यसन, कुठलंही निदान घ्या, त्या लोकांची ही पट्टी वर आणि कामातली शिस्त-चिकाटीची पट्टी खाली आढळली. जवळजवळ सगळ्या सामान्य मानसिक आजारांना सामाईक असा हा धागा आहे.

आता अडचण अशी, की कार्यकारण कुठल्या दिशेने? या स्वभावामुळे आजार होतो, की आजाराने स्वभाव बदलतो, की दोन्ही एकाच मुळाची फांदी आहेत? २०१६ मध्ये ५९ दीर्घकालीन अभ्यास, ४ लाख ४३ हजारांहून जास्त माणसं एकत्र तपासली गेली. सुरुवातीलाच असलेली लक्षणं हिशेबातून वजा केली, तेव्हा स्वभावाचा भविष्यातल्या आजाराशी असलेला संबंध सुमारे निम्मा झाला. उरलेला निम्मा मात्र टिकला, आणि वर्षं गेली तरी फारसा ओसरला नाही. म्हणजे काही स्वभाव ही आधीच सुरू झालेल्या आजाराची सौम्य लक्षणं असतात आणि काही खरंच जमीन असते ज्यात आजार रुजतो. रुग्ण समोर बसलेला असताना हे वेगळं करणं कठीण असतं, हे मी कबूल करतो.

नैराश्यातला माणूस मला नेहमी सांगतो, "मी आधीपासूनच असा आहे." उपचारानंतर तोच म्हणतो, "मी असा नव्हतो." म्हणून आजार भरात असताना स्वतःच्या स्वभावाबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका.

सुहास_म

डॉक्टर, मग मोठेपणी स्वभाव बदलतो का? की फक्त आजार बरा होतो?

डॉ_यात्री

बदलतो, थोडा. २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स यांनी उपचारांचे २०७ अभ्यास पाहिले. भावनिक स्थैर्यात सगळ्यात जास्त फरक पडला होता, उपचाराचा सरासरी काळ २४ आठवड्यांचा होता, आणि उपचार थांबल्यावरही तो फरक टिकलेला दिसला. चिंतेचे विकार असलेल्यांमध्ये बदल सर्वांत जास्त. जुळ्यांच्या अभ्यासांतून व्यक्तिमत्त्वातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक धरले जातात, ते ऐकून लोक हात टेकतात. आनुवंशिक म्हणजे न हलणारं, हा अर्थ कुठून आला कोण जाणे.

अनुराधा_दि

वाचतेय. माझ्या कुटुंबात दोन पिढ्यांत नैराश्य आहे. मुलगी बारा वर्षांची, हळवी. तिला सांगावं का, की तुला धोका जास्त आहे?

अबोली

अनुराधा, धोका जास्त आहे या शब्दांत नको. पण घरातल्या आजाराबद्दल मोकळेपणाने जरूर बोला, जसं आपण मधुमेहाबद्दल बोलतो. ड्युनेडिनमध्ये ३८ व्या वर्षापर्यंत एकदाही मानसिक विकाराचं निदान न झालेली माणसं फक्त १७ टक्के निघाली. ती अधिक पैसेवाल्या घरांतली किंवा लहानपणी अधिक निरोगी होती असं नाही. त्यांचा बालपणीचा स्वभाव तुलनेने स्थिर आणि मिसळणारा होता, आणि घराण्यात मानसिक आजार कमी होता. पण याची दुसरी बाजू बघा. उरलेल्या ८३ टक्क्यांना कधी ना कधी काहीतरी झालं, आणि त्यांच्यातले बहुसंख्य आयुष्य नीट जगतात. तुमच्या मुलीला हे कळणं जास्त गरजेचं आहे, की असं काही झालं तर आई घाबरणार नाही आणि उपाय असतो.

जगभरच्या १९२ अभ्यासांच्या २०२२ च्या आढाव्यात मानसिक विकारांची सुरुवात सर्वाधिक वेळा साडेचौदाच्या आसपास दिसली, आणि एक तृतीयांशाहून जास्त जणांना पहिला त्रास १४ व्या वर्षाआधीच सुरू झालेला होता. त्यामुळे पुढची तीन-चार वर्षं तिच्याजवळ असा.

मेघना_शाळा

किशोरवयासाठी एक भर. पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी शाळांसाठी केलेल्या कार्यक्रमात मुलांची स्वभावाच्या चार कलांनुसार निवड करतात: हताशा, शरीरातल्या चिंतेच्या खुणांची भीती, उतावीळपणा, थराराची ओढ. प्रत्येक गटाला दीड-दीड तासाच्या दोनच बैठका. सगळ्यांना एकच व्यसनविरोधी भाषण देण्याऐवजी, थराराची ओढ असणारा का पितो आणि हताश असणारा का पितो, हे वेगळं समजून घेतलं. पिण्याचं प्रमाण खरंच घटलं. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की मुलांना त्यांचा स्वभाव कुणी चूक म्हणून सांगत नाही.

प्रभंजन

हे व्यावहारिक वाटलं. आता एक सरळ प्रश्न. डॉक्टरकडे कधी जायचं? मोजक्या शब्दांत सांगा, कारण घरी पत्नीला हा धागा दाखवणार आहे.

अबोली

मोजक्या शब्दांत प्रयत्न करते. इतर मुलांशी तुलना बाजूला ठेवा, मुलाची त्याच्याच कालच्या रूपाशी तुलना करा. बडबडं मूल गप्प झालं, शांत मूल अचानक चिडखोर झालं, आवडीचा खेळ सोडला, झोप-भूक बदलली आणि हे काही आठवडे टिकलं, तर तो स्वभाव नाही. अचानक बदलात आणखी एक गोष्ट शोधायचीच: कुणी त्रास देतंय का, मारतंय का, नको तिथे हात लावतंय का. स्वभावाच्या चर्चेत ही शक्यता हरवते आणि ते भयंकर आहे.

जे पहिल्यापासून आहे, तिथे वेगळा प्रश्न विचारा. यामुळे मुलाचं काय काय बुडतंय? शाळा, मैत्री, झोप, खेळ यांपैकी काही हातचं जात असेल, किंवा मूल स्वतः दुःखी असेल, तर पहिल्यापासून आहे म्हणून थांबू नका. उलट तेवढी वर्षं आधीच गेलेली असतात. मरणाबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल मूल काही बोललं तर त्याच दिवशी. "नाटकं करतोय" हा निष्कर्ष घरी काढायचा नाही.

आणि बुजरं आहे पण दोन मित्र आहेत, शाळेत जातं, रात्री झोपतं, घरी हसतं-खेळतं, तर कृपा करून त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात धाडू नका.

नचिकेत

शेवटच्या ओळीला दोन्ही हात वर करून अनुमोदन.

रेवती_आ

अजून एकच. मुलाची नवी इयत्ता सुरू होतेय, नव्या बाई आहेत. त्यांना आधीच काही सांगू का? सांगितलं तर शिक्का बसेल, नाही सांगितलं तर पहिल्याच दिवशी काहीतरी होईल.

मेघना_शाळा

सांगा, आणि पहिल्याच आठवड्यात सांगा, पालकसभेची वाट पाहू नका. लेखी दिलंत तर उत्तम, अर्ध्या पानाहून जास्त नको. 'हट्टी', 'अवघड', 'अतिसंवेदनशील' असे शब्द टाळा, बाईंच्या डोक्यात तेवढेच राहतात. काय होतं ते लिहा: बेत अचानक बदलला की त्याला फार जड जातं आणि तो मोठ्याने रडतो. किती वेळ लागतो ते लिहा. काय केलं की सोपं जातं ते लिहा: पाच मिनिटं आधी सांगितलं तर, वर्गाच्या दाराशी बसायला मिळालं तर, त्या वेळी कुणी प्रश्न विचारले नाहीत तर. आणि त्याला काय आवडतं, तो कशात रमतो, हे सगळ्यात वर लिहा. आम्हाला शाळेत चिठ्ठ्या येतात त्यात ते कधीच नसतं.